शुद्ध हरपते ती कोणाची?

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस एका ग्रीक वैद्याने आपल्या वाचकांना शेळीचं डोकं उघडून पाहायला सांगितलं. हिपोक्रेटिसच्या नावावर जमा झालेल्या ग्रंथांपैकी ‘पवित्र रोगाविषयी’ या छोट्या ग्रंथात ही सूचना आहे. पवित्र रोग म्हणजे अपस्मार. आपल्याकडे कुणी त्याला फेफरं म्हणतं, कुणी मिरगी, कुणी आकडी; रोजच्या बोलण्यात नुसतं ‘फिट आली’. त्या काळची समजूत अशी की माणूस अचानक कोसळतो, तोंडाला फेस येतो, हातपाय झाडतो, म्हणजे देवाने त्याला धरलं. कोणत्या देवाने, हेही मांत्रिक सांगत. रुग्ण शेळीसारखा ओरडला तर देवमाता, आवाज घोड्यासारखा असेल तर समुद्राचा देव पोसायडन. मग पथ्यं: शेळीचं मांस खायचं नाही, शेळीच्या कातड्यावर झोपायचं नाही. ग्रंथकार विचारतो, असं असेल तर लिबियाच्या आतल्या भागातली माणसं शेळीचंच मांस खातात आणि शेळीच्याच कातड्यावर निजतात, ती सगळी आजारी का नाहीत? पुढे तो म्हणतो, हा रोग शेळ्यांनाही होतो, किंबहुना त्यांनाच जास्त होतो. अशा शेळीचं डोकं उघडलं तर आत पाण्याने भरलेला, दुर्गंधी सुटलेला मेंदू सापडेल. शरीर बिघडवतो तो रोग, देव नव्हे.

धर्माच्या इतिहासात हा युक्तिवाद फार मोलाचा आहे, कारण त्यात साक्षीला जनावर उभं केलं आहे. माणसाला फिट आली की तिच्याभोवती अर्थ गोळा होतात. पूर्वजन्मीचं पाप, राहून गेलेला नवस, कोणाची तरी नजर, बाहेरची बाधा. शेळीने कोणता नवस बुडवला? कोणत्या देवाला शेळीच्या अंगात येऊन काय मिळवायचं होतं? एवढ्या एका प्रश्नापुढे मांत्रिकाचा सगळा डोलारा खाली येतो. आणि त्या वैद्याचं निरीक्षण हवेतलं नव्हतं. टेनिया मल्टिसेप्स नावाच्या पट्टकृमीची अळी शेळ्यामेंढ्यांच्या मेंदूत पाण्याने भरलेली गाठ करते. जनावर एकाच बाजूला गोल फिरू लागतं, धडपडतं, झटके देतं. ग्रंथातलं वर्णन या आजाराशी चांगलंच जुळतं. या कृमीचं पूर्ण वाढलेलं रूप मात्र राहतं कुत्र्याच्या आतड्यात.

देव बाजूला झाला, पण प्रश्न मिटला नाही. उलट तो अवघड झाला. घरातल्या कुत्र्याला फिट येते तेव्हा त्या शरीरात कोण असतं? यातना होत असतील तर त्या कोणाला होतात?

एखादा चार वर्षांचा लॅब्रडॉर रात्री हॉलमध्ये पंख्याखाली झोपलेला असतो. फिट पुष्कळदा अशीच, विश्रांतीत किंवा झोपेत येते. आधी मान मागे ताणली जाते, चारही पाय ताठ होतात, छातीतली हवा जोराने बाहेर पडून एक विचित्र आवाज निघतो. घरातल्यांना ती किंकाळी वाटते. काही सेकंदांनी पाय पोहल्यासारखे हलू लागतात, जबडा कटकट वाजतो, फेस जमतो, लघवी होते. डोळे सताड उघडे असतात, पण हाक मारली तरी कान हलत नाही. मिनिट-दोन मिनिटांत हे थांबतं. त्यानंतर अर्धा तास, कधी कितीतरी तास, तो घरभर चालत राहतो. भिंतीला धडकतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन दार उघडण्याची वाट पाहत उभा राहतो, वाडग्यातलं सगळं संपवून आणखी मागतो, रोज भरवणाऱ्या माणसावरच गुरगुरतो. थोडा वेळ त्याला दिसतही नसतं. मग केव्हातरी हाक ऐकून शेपूट हलते.

आपल्या परंपरेत या अवस्थेवर विचार झालेला आहे आणि तो अगदी बारकाईने झालेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं दहावं सूत्र मूर्च्छेविषयी आहे. वेदान्ताने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि मरण या अवस्था मानल्या. मग मूर्च्छा यांतली कोणती? शंकराचार्य आपल्या भाष्यात एकेक पर्याय खोडून काढतात. ही जागृती नाही, कारण इंद्रियांना विषय कळत नाहीत. स्वप्न नाही, कारण आत काही जाणवत नाही. मरण नाही, कारण प्राण आणि ऊब शिल्लक आहेत. गाढ झोप म्हणावी तर झोपलेल्याचा चेहरा प्रसन्न असतो, श्वास एका लयीत चालतो, डोळे मिटलेले असतात, अंग थरथरत नाही. मूर्च्छितात सगळं उलटं: श्वास बराच वेळ थांबतो, अंग कापतं, चेहरा भयानक दिसतो, डोळे विस्फारलेले असतात. झोपलेला हात लावला की उठतो, मूर्च्छित मात्र काठीने मारलं तरी उठत नाही. म्हणून ही अर्धी अवस्था, मरणाचं दार. लोकांना आणि आयुर्वेदाला ती ठाऊकच आहे, असंही आचार्य नोंदवतात.

आचार्यांसमोर अर्थातच माणूस होता. पण त्याच भाष्याच्या आरंभी त्यांनी व्यवहारापुरता माणूस आणि पशू यांच्यात फरक नाही, असं स्पष्ट मांडलं आहे. उगारलेली काठी दिसली की जनावर पळतं, हातात हिरवं गवत दिसलं की जवळ येतं, आणि माणूसही याच रीतीने वागतो. त्यामुळे मूर्च्छेचं हे वर्णन हॉलमधल्या लॅब्रडॉरला लावणं म्हणजे शास्त्राशी केलेली ओढाताण नव्हे. इतकंच नव्हे, तर आज पशुवैद्य कुत्रा पाळणाऱ्यांना जी कसोटी सांगतात ती जवळपास हीच आहे. कुत्री स्वप्नात पाय हलवतात, पुटपुटतात, मिशा थरथरवतात. पुष्कळ लोक त्याला फिट समजून घाबरतात. अशा वेळी थोड्या अंतरावरून नावाने हाक मारावी. स्वप्नातला कुत्रा डोळे किलकिले करून बघतो. फिटमधल्या कुत्र्यापर्यंत हाक पोचत नाही.

युरोपात याच प्रश्नाला एक फार कठोर उत्तर मिळालं. १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्कोर्स ऑन मेथड’च्या पाचव्या भागात तत्त्वज्ञ देकार्तने मांडलं की पशू म्हणजे स्वयंचलित यंत्रं. त्यांच्यात विचार करणारा आत्मा नाही. घड्याळ चालतं तशी ती चालतात. त्याच्या विचाराचा वारसा चालवणारा धर्मपंडित मालब्रांश याने एकदा गाभण कुत्रीला लाथ मारली, आणि ती कळवळली तेव्हा ‘तिला काही जाणवत नाही’ असं शांतपणे सांगितलं, अशी आख्यायिका आहे. या मताला ईश्वरशास्त्रातली एक सोय होती. पापाशिवाय दुःख नाही असं मानलं, तर निष्पाप जनावराचं दुःख ईश्वराच्या न्यायावर डाग ठरतं. जनावराला दुःखच नाही म्हटलं की डाग पुसला जातो.

कुत्र्याची फिट जवळून पाहिली की देकार्तच्या मताचं एक वेगळंच उत्तर हाती येतं. त्या दोन मिनिटांत कुत्रा खरोखर यंत्रासारखा दिसतो. पाय एका ठेक्यात हलतात, डोळे उघडे असून बघत नाहीत, हाकेला उत्तर नाही. देकार्तने वर्णिलेला कुत्रा आपल्याला एकाच वेळी दिसतो, तो फिटमध्ये. आणि म्हणूनच एरवीचा कुत्रा तसा नाही हे कळतं. घरातलं लहान मूलही त्या क्षणी सांगतं की ‘तो आत्ता इथे नाहीये’. जो नव्हताच, तो हरवेल कसा? शुद्ध हरपायची तर ती आधी असावी लागते. पशुवैद्य जेव्हा पहिल्याच भेटीत विचारतात, ‘त्या वेळी तो शुद्धीवर होता का?’, तेव्हा तो नुसता वैद्यकीय प्रश्न नसतो. कुत्र्याला जाणीव असते हे गृहीत धरल्याशिवाय तो विचारताच येत नाही. २०१२ साली केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीरनामा काढून सांगितलं की जाणिवेला लागणारी मेंदूतली यंत्रणा माणसाखेरीज इतर सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांतही आहे. फिट आलेल्या कुत्र्याशेजारी जमिनीवर बसून राहिलेल्या कोणालाही हे पटवून द्यावं लागत नाही.

मग यातनांचं काय? मेंदूतल्या पेशी एरवी एकमेकींना चेतवत आणि आवरत असतात. तो तोल सुटला की मोठा समूह एकाच वेळी, एकाच लयीत विद्युत्संदेश सोडू लागतो. सभागृहातले सगळे एकाच वेळी एकच शब्द ओरडू लागले तर कोणाचंच बोलणं ऐकू येत नाही, तसं काहीसं होतं. दोन्ही बाजूंचा मेंदू असा सापडला की जाणीव चालूच राहू शकत नाही. अशा मोठ्या झटक्यातून जाणाऱ्या माणसांना नंतर त्या मिनिटांतलं बहुतेक काहीच आठवत नाही. कुत्र्याचा मेंदूही याच रीतीने चालतो, त्यामुळे पाय झाडण्याच्या त्या भयंकर मिनिटांत त्याला वेदना जाणवत नसाव्यात, असं मानायला भक्कम आधार आहे. दुःख त्या वेळी खोलीत असतंच, पण ते बघणाऱ्याचं असतं. कुत्र्याचं दुःख नंतर सुरू होतं. आंधळेपणा, गोंधळ, भीती, ठणकणारे स्नायू. घरातला दुसरा कुत्रा फिटमधल्या कुत्र्यावर हल्ला करतो असंही घडतं, आणि मग शुद्धीवर येणाऱ्या जीवाला पहिली भेट जखमेची होते.

झटका लहान असेल तर मात्र बोलणं जपून करावं लागतं. मेंदूच्या एकाच भागात उसळी आली तर ओठाची एकच बाजू फडफडते, एकच पाय ठेका धरतो, लाळ गळते, कुत्रा घाबरून माणसाच्या मांडीत तोंड खुपसतो. इथे शुद्ध किती आहे, कोणी सांगावं? माणसांच्या वैद्यकात अशा झटक्यांची विभागणी शुद्ध टिकली की गेली यावर होत आली आहे. २०१५ साली जगभरच्या पशु-मेंदूतज्ज्ञांच्या गटाने कुत्र्यांच्या अपस्माराची परिभाषा ठरवली, तेव्हा ही विभागणी मुद्दाम टाळली. प्राण्याची जाणीव बाहेरून खात्रीने मोजता येत नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. विज्ञानाची ही नम्रता धर्मचिंतकांनीही लक्षात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या जीवाच्या आत काय चाललं आहे यावर शब्द टाकताना जेवढं दिसतं तेवढंच बोलायचं.

आणि दिसतं ते नीट बघायचं. एकदा फिट आली म्हणजे अपस्मार जडला, असं नव्हे. बाहेरचं कारण नसताना किमान दोन झटके, चोवीस तासांहून जास्त अंतराने, अशी त्या गटाची व्याख्या आहे. कारण सापडत नाही किंवा ते आनुवंशिक असतं, असा अपस्मार बहुतेक वेळा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो. वय याच्या बाहेरचं असेल तर डॉक्टर आधी दुसरीकडे शोधतात: पिल्लात रक्तातली साखर, यकृतातला जन्मजात दोष, डिस्टेंपर, म्हाताऱ्या कुत्र्यात मेंदूतली गाठ. शेतावरचं कीटकनाशक, च्युइंगगममधलं झायलिटॉल, चॉकलेट यांनीही झटके येतात. हृदय क्षणभर अडखळलं तर कुत्रा कोसळतो, पण मऊ पडतो आणि लगेच उठून काही झालंच नाही असा चालू लागतो. हवेतल्या नसलेल्या माश्या पकडण्याची सवय कधी झटक्याची खूण असते, तर काही कुत्र्यांत तिचं मूळ पोटाच्या विकारात सापडलं आहे. म्हणून डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडतो तो मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ. रडवेल्या आवाजात सांगितलेल्या हकिकतीत दोन मिनिटांची दहा मिनिटं होतात. व्हिडिओत होत नाहीत.

माणसाला फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. तोच हात घाबरून कुत्र्याकडेही वळतो. झटका आपोआप मिनिट-दोन मिनिटांत थांबतो आणि श्रेय चपलेला मिळतं. अंधश्रद्धा अशाच टिकतात. कुत्रा जीभ गिळत नाही. त्याच्या तोंडात हात, चमचा, पाणी काहीही घालू नये; जबडा त्याच्या ताब्यात नसतो. टेबल-खुर्च्या बाजूला साराव्यात, दिवे मंद करावे, पंखा चालू ठेवावा कारण अंग तापतं, आणि घड्याळाकडे बघावं. पाच मिनिटं उलटली, किंवा चोवीस तासांत दुसरा झटका आला, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठावा.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वाट्याला वेगळीच समजूत येते. माणसाची फिट म्हणजे बाधा, तशी त्याची फिट म्हणजे पिसाळणं. फेस दिसला की दगड उचलले जातात. रेबीज झालेला कुत्रा मात्र मधल्या वेळात पूर्ववत होत नाही. दिवसागणिक त्याचं वागणं बिघडत जातं, गिळता येत नाही, आवाज बदलतो आणि लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांत तो मरतो. अपस्माराचा कुत्रा तासाभरात किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या कोपऱ्यावर बिस्किटाची वाट पाहत बसलेला दिसतो. अनोळखी कुत्र्याच्या बाबतीत अंतर राखलंच पाहिजे, आणि चावा किंवा ओरखडा असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच लस घेतलीच पाहिजे. पण अंतर राखायला दगड लागत नाही.

अशा बावचळलेल्या कुत्र्याचं काय करायचं, याविषयी एका धर्मग्रंथात चक्क नियम सापडतात. पारशी धर्माच्या वेंदिदादचं तेरावं प्रकरण बरंचसं कुत्र्यांविषयी आहे. घरातल्या कुत्र्याची शुद्धबुद्ध गेली असेल तर काय करावं, असा प्रश्न अहुर मज्दाला विचारला जातो, आणि उत्तर मिळतं की श्रद्धावान माणसावर जसे उपचार कराल तसेच त्याच्यावर करा. उपचारांनी तो बरा होत नसेल तर त्याला बांधून ठेवा, नाहीतर तो खड्ड्यात, विहिरीत, कड्यावरून किंवा नदीत पडेल. आणि तसा पडून मेला तर दोष घरच्यांचा. आजचे डॉक्टर जिना, गच्ची आणि पाण्याची टाकी यांपासून कुत्र्याला दूर ठेवायला सांगतात. नियम तोच आहे. इथे कुत्र्याच्या अंगात कोण शिरलं याची चर्चाच नाही. घरच्यांचं कर्तव्य काय, एवढीच आहे.

पारशी समाजात मृतदेहावर कुत्र्याची नजर पडण्याचा सगदीद हा विधी आहे. तेव्हा १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारी शिपाई रस्त्यावरची कुत्री मारू लागले, त्यावर पारशी रस्त्यावर उतरले यात नवल नाही. कोटातली दुकानं बंद झाली, दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. मुंबईत मुक्या जनावरांच्या दुःखाला एक जागा मिळाली, ती कुत्र्यांवरून झालेल्या त्या भांडणानंतर.

दुःख आलं कुठून, हा सवाल मात्र तसाच आहे. आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे प्रारब्ध. तिर्यग्योनीत जन्म झाला तो पूर्वकर्माने, तर आजारही त्याच खात्यातला. हे उत्तर बेल्जियन शेफर्डच्या बाबतीत घशाखाली उतरत नाही. या जातीत अपस्मार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि एडीएएम२३ या जनुकातल्या बदलाशी त्याचा संबंध संशोधकांनी २०१२ साली दाखवला. इटलीच्या लागोतो रोमान्योलो जातीच्या पिल्लांना पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात झटके सुरू होतात आणि बहुतेकांचे चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप थांबतात. त्यामागचं जनुकही सापडलं आहे. बॉर्डर कोली, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांतही हा आजार जास्त आढळतो. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात सगळ्या कुत्र्यांत मिळून हे प्रमाण हजारात सहा इतकं निघालं. या जाती निसर्गाने नव्हे, माणसाने घडवल्या. ठरावीक रंग, ठरावीक कान, ठरावीक चपळाई हवी म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या. इथे कर्म शोधायचंच असेल तर ते ब्रीडरच्या वहीत आहे. अपस्मार असलेल्या कुत्र्याची पिल्लं न घेणं आणि त्याच्या आईबापांची जोडी पुन्हा न लावणं, हे या बाबतीतलं सगळ्यात सरळ धर्माचरण.

चोल काळच्या नटराजाच्या कांस्यमूर्तीत पायाखाली जो बुटका पुरुष दिसतो त्याचं नाव अपस्मार. शिव त्याला मारत नाही, दाबून ठेवतो. कुत्र्याच्या अपस्मारावरचा उपचारही तेवढंच करतो. १९१२ साली माणसांच्या अपस्मारावर वापरलं गेलेलं फेनोबार्बिटल आजही कुत्र्यांवरच्या पहिल्या औषधांपैकी एक आहे. गोळी बारा-बारा तासांनी, न चुकता. रक्तातली मात्रा स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या काळात कुत्रा लडखडतो, सतत पाणी पितो, सारखी भूक लागते, घरात लघवी करतो, आणि घरचे ‘औषधाने बिघडला’ म्हणून गोळ्या एकदम बंद करतात. ही चूक जिवावर बेतते, कारण औषध अचानक तुटलं तर आधीपेक्षा जोरदार झटके येऊ शकतात. त्याच्या जोडीला किंवा ऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड, लेव्हेटिरासेटाम अशी औषधं आहेत. बऱ्याच कुत्र्यांचे झटके यांनी पुष्कळ कमी होतात. सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांत मात्र औषधं पुरेसा आवर घालू शकत नाहीत, आणि अशाच घरांपुढे शेवटचा प्रश्न उभा राहतो.

त्या प्रश्नावर भारतात सगळ्यात जाहीर वाद झाला तो १९२८ साली. साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य आजाराने तळमळत होतं. कुशीही बदलता येत नव्हती. गांधीजींच्या संमतीने डॉक्टरांनी त्याला विषाचं इंजेक्शन दिलं. अहिंसेच्या आश्रमात गोवंशाची हत्या, म्हणून पत्रांचा पाऊस पडला. गांधीजींनी ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मधून उघडपणे उत्तरं दिली. त्यांनी घातलेल्या अटी आजही कुत्र्याच्या मालकाने डोळ्यांपुढे ठेवाव्यात अशा आहेत. रोग असाध्य असावा, जगण्याची आशा सगळ्यांनीच सोडलेली असावी, मदत किंवा सेवा करून काही साधण्याजोगं उरलेलं नसावं, आणि ज्याचा जीव आहे त्याला आपली इच्छा सांगणं अशक्य असावं. यातली तिसरी अट अपस्माराच्या कुत्र्यांच्या बाबतीत सगळ्यात आधी विसरली जाते. पहिल्या-दुसऱ्या झटक्यानंतरच ‘त्याचे हाल बघवत नाहीत’ म्हणून काही घरं दवाखान्यात त्याला कायमचं झोपवण्याची मागणी करतात. बघवत नाहीत हे खरंच असतं. पण त्या रात्री जे बघवलं नाही ते बघणाऱ्याचं दुःख होतं. कुत्रा त्या दोन मिनिटांत तिथे नव्हता.

म्हणून हा निर्णय झटक्याच्या रात्री घेऊ नये. दोन झटक्यांच्या मधले दिवस कसे जातात, ते पाहावं: जेवणाची वेळ झाली की तो स्वयंपाकघराच्या दाराशी येतो का, किल्ल्या वाजल्या की उठतो का, ओळखीच्या माणसाच्या पायाशी जाऊन पडतो का. साध्या वहीत तारीख, वेळ, झटका किती मिनिटं चालला, शुद्धीवर यायला किती वेळ लागला आणि त्या दिवशी गोळी चुकली होती का, हे लिहीत गेलं की महिन्या-दोन महिन्यांत डॉक्टरांना मात्रा वाढवायची, दुसरं औषध जोडायचं की थांबायचं, यावर बोलायला काहीतरी हाती लागतं. झटके दर आठवड्याला येऊ लागले, एकामागून एक येऊन चोवीस तासांत तीन-चार होऊ लागले, आणि मधले दिवसही गुंगीत, धडकत जाऊ लागले, तर वही ते स्वतःहून दाखवते. अशा वेळी झोपवण्याचा निर्णय घेणाऱ्या घराला पापाची भीती घालण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि महिन्यातून एका झटक्याखेरीज बाकीचे सगळे दिवस अंगणात लोळणाऱ्या कुत्र्याच्या घराला दयेच्या नावाखाली घाई करायला लावण्याचाही नाही.